आतला आवाज येत नाही, नुसता गलका येतो: मौनाला बसलेल्या एका भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे चार एकर केळी, वय ४७. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि म्हणतोय, वावर बटाईने, म्हणजे वाट्याने कसायला द्या आणि इकडे या. कोणीतरी सांगितलं, मौन धरा, शांत बसा, आतून उत्तर येईल. तीन आठवडे रोज अर्धा तास बसलात. उत्तर आलं नाही, गलका आला: गावच्या शेती सोसायटीचं कर्ज, बांधावरून भावाशी झालेली बोलाचाली, मजुरीचा हिशोब. मधेच एक आवाज म्हणतो "जाऊ नको", पण तो शहाणपणाचा की भीतीचा हे कळत नाही. आणि कांदेबागेची, म्हणजे केळीच्याच दुसऱ्या हंगामाची, लागण ऑक्टोबरात, म्हणजे त्याआधी काय ते ठरायला हवं.

आधी गलक्याचं. तो येतो म्हणजे तुमचं काही चुकतंय असं नाही. दिवसभर मोटर, ट्रॅक्टर आणि फोन यांच्याखाली जे दबलेलं असतं तेच शांत बसल्यावर वर येतं. बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकात शिरणारं ढोर म्हटलं आणि हाकललं तरी ते फिरून येतं हेही तिथेच सांगून टाकलं. ढोर परत आलं म्हणून गुराखी रडत बसत नाही, पुन्हा हाकलतो. त्याचं काम तेच आहे.

खरी अडचण दुसरी आहे. मन निवळणं, माहिती मिळणं आणि निर्णय लागणं ही तीन कामं तुम्ही एकट्या मौनावर टाकली आहेत. मौनाचं त्यातलं काम एकच. पुराच्या गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवून ठेवली की गाळ खाली बसतो आणि तळ दिसतो. पण जे हंड्यात मुळात नाहीच, ते तळाशी कसं दिसेल? बटाईदार कोण मिळतोय, करार तोंडी की कागदावर, कर्जाची बाकी किती, पुण्यात घरभाडं किती, हे डोळे मिटून कधीच कळणार नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला जो क्रम सांगतात तो आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन असा आहे, म्हणजे आधी ऐकणं, मग त्यावर विचार, मग त्यातच खोल बुडणं. तिथला विषय आत्मा आहे, केळीची बाग नाही, हे मान्य. पण क्रम इथेही मोडून चालत नाही. तुम्ही श्रवण न करताच थेट तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलात.

म्हणून बसण्याआधी एक साधी दोनशेपानी वही घ्या. समोरासमोरची दोन पानं उघडा. डाव्या पानावर ज्यांचं उत्तर बाहेर आहे असे प्रश्न लिहा: बँक, तलाठी, सोसायटीचे सचिव, डॉक्टर, सूनबाई यांच्याकडून कळणारे. उजव्या पानावर ज्यांचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे असे. "जाऊ की नको" हे अजून कुठेच लिहू नका. ते प्रश्नांचं गाठोडं आहे, एक प्रश्न नाही. बहुतेक लोकांचं डावं पान भरून वाहतं आणि उजवीकडे दोन-तीनच ओळी उरतात. त्या साधारण अशा असतात: शेती सोडली तर मी कोण उरतो? मुलाकडे राहायला जायची लाज वाटते ती का? मी भावाला दाखवून द्यायचं म्हणून तर इथे थांबत नाही ना? मौनाला न्यायच्या त्या या ओळी. डावं पान बसमध्ये बसून, चपला झिजवून सुटतं, आणि ते निम्मं सुटल्याशिवाय उजव्या पानाला हात लावण्यात फारसा अर्थ नाही. पैशाची काळजी डोक्यात भुणभुणत असताना "मी कोण" विचारायला बसलं की आतून व्याजाचा दरच ऐकू येतो.

आता बसण्याबद्दल. तुम्ही रात्री जेवून बसता असं लिहिलंय. तिथेच निम्मा खेळ बिघडतो. वरण-बट्टी खाऊन ध्यान लागत नाही, डोळा लागतो. पहाटे पाचच्या सुमारास, तोंड धुऊन, चहाआधी बसा. चहाशिवाय डोकं धरत असेल तर अर्धा कप घ्या, त्यात काही पाप नाही. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते आणि पाणी भरायला जागावं लागतं, त्या आठवड्यात पहाटे उठू नका. झोप पुरी करा आणि सकाळी दहा मिनिटं बसा. झोपेची उधारी असताना मौनातून जे येतं ते चिडचिडीतून आलेलं असतं.

गोधडीची चौपदरी घडी करून तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे बैठक गुडघ्यांपेक्षा चार बोटं तरी उंच राहील. गुडघे वर राहिले की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो आणि पंधराव्या मिनिटाला सगळं लक्ष पाठदुखीवर जातं. मांडी दुखत असेल तर खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकवा, पाठ टेकवू नका. वेळ २५ मिनिटं. गजराचं जुनं घड्याळ लावा. फोन लावलात तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर हात तिकडे जातोच.

पहिली बारा मिनिटं फक्त श्वास. बाहेर जाणारा प्रत्येक श्वास मोजा, एक ते दहा, मग परत एक. मोजणी चुकली की पुन्हा एकपासून, स्वतःला न रागावता. बसलेल्या माणसाचे मिनिटाला साधारण बारा ते पंधरा श्वास होतात, म्हणजे एक फेरी चाळीस-पन्नास सेकंदांची. बारा मिनिटांत पंधराच्या आसपास फेऱ्या व्हायला हव्यात. सुरुवातीला त्यातल्या दोन-तीनच अखंड होतील, तेवढं पुष्कळ आहे. श्वास मुद्दाम खोल किंवा जलद करू नका. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणूस घरात सांगत सुटतो की कुंडलिनी हलली. कुंडलिनी जिथल्या तिथे असते, फक्त श्वास बिघडलेला असतो.

पुढची पाच-सहा मिनिटं कान उघडे ठेवा. कोंबडा, हातपंप, लांबची एसटी, जे येईल ते. आवाजाला नाव देऊन पुढे जाऊ नका, नुसतं ऐका. ही पायरी लोक गाळतात, पण तिचा उपयोग मोठा आहे. श्वासावरून सरळ प्रश्नावर उडी मारली की मन लगेच वाद घालायला लागतं. मधे नुसतं ऐकलं की त्याची घाई थोडी उतरते.

शेवटच्या सात-आठ मिनिटांत उजव्या पानावरची एकच ओळ मनात एकदा म्हणा. एकदाच. जपासारखी घोळवू नका, उत्तरही शोधू नका. वावरात बी टाकल्यावर माणूस उकरून बघत नाही, तसं. आठवडाभर तीच ओळ, दुसरी नाही. आपल्याकडे धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीता सांगितली ती १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा अध्याय. अठरा दिवसांत उरकणंही शक्य होतं. पण रविवारी ऐकलेलं मधल्या सहा दिवसांत आत उतरायला जागा मिळते, हा त्या रचनेचा फायदा. तुमच्या ओळीलाही ते सहा दिवस द्या.

घड्याळ वाजलं की उठण्याआधी वहीत पाच ओळी लिहा, सहावी नको. तारीख, झोप कशी झाली, मन कसं होतं (चिडलेलं, थकलेलं, बरं), काय आलं, आणि ते आलं तेव्हा शरीरात कुठे जाणवलं. काहीच आलं नाही तर "काही नाही" लिहा. लिहिलेलं चौदा दिवस वाचायचं नाही. हे पाळणं सगळ्यात कठीण जातं आणि ते मोडलं तर पुढचं सगळं फसतं. कारण काल काय लिहिलं हे आठवत असेल तर आज मन तेच पुन्हा बोलतं, आणि आपण समजतो की आतून दुजोरा मिळाला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, भीती की शहाणपण. पतंजलींनी चित्ताच्या वृत्ती पाच सांगितल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. डोळे मिटल्यावर जे येतं त्यात स्मृती आणि विकल्प यांचाच भरणा असतो, म्हणजे जुन्या आठवणी आणि नुसत्या शब्दांवर उभ्या राहिलेल्या कल्पना. प्रमाण, म्हणजे खरं धरावं असं ज्ञान, त्यात क्वचित. म्हणून आतून आलं म्हणजे खरं, हा हिशोब सुरुवातीलाच सोडून द्या. आलेल्या प्रत्येक गोष्टीला जामीन मागायचा.

चौदा दिवसांनी वही उघडा आणि लाल पेनाने खुणा करा. कोणतं वाक्य चिडलेल्या, थकलेल्या आणि बऱ्या अशा तिन्ही तऱ्हांच्या दिवशी आलंय? फक्त थकलेल्या दिवशी येणारं वाक्य थकव्याचं असतं. दुसरं, ते वाक्य लांबीने केवढं आहे? भीती बहुधा लांबलचक बोलते, सिनेमासारखी दृश्यं दाखवते, त्यात लोकांचे चेहरे असतात, पारावरचं बोलणं असतं, आणि तिला आजच्या आज निकाल हवा असतो. निवळलेल्या मनातून येणारं वाक्य आखूड असतं, वाद घालत नाही, आणि त्यात बहुतेक वेळा दुसऱ्याने काय करावं याऐवजी तुम्ही काय करायचं ते असतं. "भावाने माफी मागावी" असं आलं तर ते रागाचं समजा. "भावाला एकदा भेटून ये" आलं तर खूण करून ठेवा.

पण इथे घोटाळा होऊ देऊ नका. भीतीचा आवाज प्रत्येक वेळी खोटा नसतो. "बटाईदार दुसऱ्या वर्षी हप्ता बुडवील" ही भीती असेलही, पण तपासता येण्यासारखी आहे. ती डाव्या पानावर टाका आणि करारात काय लिहून घेता येईल ते वकिलाला विचारा. तसंच शांत वाटणं हा खरेपणाचा पुरावा नाही. निर्णय पुढे ढकलला तरी माणसाला हलकं वाटतं, आणि ते हलकेपण हुबेहूब शांतीसारखं दिसतं. फरक असा ओळखावा: ढकललेल्या निर्णयाचा हलकेपणा कोणी "मग काय ठरलं?" विचारलं की तिथेच संपतो, पोटात गोळा येतो. पिकलेल्या निर्णयाला तोच प्रश्न विचारला तर दुःख होईल कदाचित, पण बोलता येतं. इच्छाही आवाज बदलून बोलते, हे विसरू नका. पुण्याचा मोह आणि गावाचा मोह, दोन्ही आतूनच येतात.

याला माझ्या मते सगळ्यात भरवशाची कसोटी ही. तीन दिवस "मी थांबतोय" असं धरून वागा, पुढचे तीन दिवस "मी जातोय" असं धरून. कोणाला सांगू नका, कुठे सही करू नका. दोन्ही वेळी झोप, भूक, वावरात पाऊल टाकताना काय वाटतं आणि घरातल्यांशी तोंड कसं सुटतं, एवढंच वहीत टिपा. त्यानंतर जे दिसेल ते आधी बायकोला मोठ्याने सांगा. तिला सांगताना शब्द अडले तर ते अजून कच्चं आहे. आणि ती काय म्हणते ते ऐका, तेही श्रवणच.

इथवरचं एका दमात: बाहेरचे प्रश्न बाहेर सोडवा, आतले दोन-तीन निवडा, आठवड्याला एक घेऊन पहाटे २५ मिनिटं बसा, पाच ओळी लिहा, चौदा दिवसांनी वाचा.

पूर्ण दिवसाचं मौन करावं का, हेही तुम्ही विचारलंय. करा, पण एकदम नको. आधी पहाटे पाच ते आठ, दोन वेळा. मग सकाळ ते दुपार. मग दिवसभर. पहिल्या दोन तासांत बहुतेकांना तळमळ होते, उन्हं वर आल्यावर पेंग येते, दुपारी जुने अपमान एकेक करून हजेरी लावतात, आणि संध्याकाळच्या सुमारास मन बसतं. दुपारी उठून गेलेल्या माणसाला वाटतं मौनाने त्रासच झाला. तो निवळायच्या आधीच हंडा हलवून बसलेला असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तप तीन प्रकारचं सांगितलंय, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मौन वाणीच्या तपात नाही, मनाच्या तपात आहे, सोळावा श्लोक बघा. म्हणजे तोंड मिटून व्हॉट्सॲपवर टाइप करणं मौनात बसत नाही. हातवारे करून चहा मागणंही नाही, त्याने घरचे जास्त दमतात. अडलं तर चिठ्ठी लिहा. वाचनही बंद, पोथीसुद्धा, त्या एका दिवसापुरती. हे काहींना पटत नाही, पण वाचणं म्हणजे दुसऱ्याचं ऐकत राहणंच. काम मात्र चालू ठेवा. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढणं, निंदणी, बांधावरून चालणं ही मौनाची उत्तम कामं आहेत. मोटर दुरुस्ती आणि मजुरांना पगार वाटणं त्या दिवशी ठेवू नका. एकादशी धरली तर घरात पटवून सांगावं लागत नाही, पण सुरुवातीला कडक उपवास आणि मौन एकत्र नको. भूक आणि चहाची तलफ मिळून डोकं उठतं आणि दोष मौनाला लागतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवास नकोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आदल्या दिवशी घरात सांगून ठेवा. आपल्या घरांमध्ये न बोलण्याला आधीच एक नाव आहे, अबोला. सासू-सुनेचा, भावाभावाचा, नवरा-बायकोचा. न सांगता तोंड मिटलंत तर दुपारपर्यंत घरात "काय चुकलं माझं?" सुरू होईल. अबोल्यात मन सारखं समोरच्याशी भांडत असतं, फक्त तोंड बंद असतं. ताटीच्या अभंगांचा प्रसंग आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव आतून ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने ती उघडायला लावली. ती मुक्ताई आपल्याच तापीकाठी मेहूणला अंतर्धान पावली असं मानतात. रुसून लावलेली ताटी आणि मौनासाठी लावलेलं दार यांत फरक आहे हे सांगायला आपल्याला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही. भावावर राग असेल त्या दिवशी पूर्ण मौन धरू नका. तो अबोला होईल.

दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊ का, असंही आहे तुमच्या प्रश्नात. धुळ्याजवळ डेडरगावला केंद्र आहे, इगतपुरीला तर १९७६ पासून आहे. शुल्क नाही, पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे खाणाखुणाही नाहीत. पण तिथे लिहायला-वाचायला परवानगी नसते आणि ते शिबिर वावराचा निकाल लावण्यासाठी नाही. पहिले तीन दिवस श्वासावर जातात, चौथ्यापासून विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना बघत राहणं. मन कसं चालतं हे शिकायला जा, बटाईचा प्रश्न घेऊन जाऊ नका. आणि परत आल्यावर निदान दहा दिवस कुठल्याही कागदावर सही करू नका. शिबिराहून आलेल्या माणसाला सगळं सोडून द्यावंसं वाटतं, ती लाट ओसरू द्यावी.

काही जणांनी यातलं लांबीचं काहीच करू नये. अलीकडे घरात मृत्यू झाला असेल, रात्रीमागून रात्री झोप नसेल, मनाच्या आजाराची औषधं चालू असतील, कानाला खरोखर बाहेरून आल्यासारखे आवाज येत असतील, किंवा जगणं नको वाटत असेल, तर एकांत आणि मौन त्रास वाढवू शकतात. अशा वेळी माणसांत राहावं आणि डॉक्टरांना भेटावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही वाटलं नाही, पण हे वाचणारे तुम्ही एकटे नाही.

आता वेळेचं गणित. श्रावणातली कानबाई होऊन गेली, पोळा तोंडावर आलाय. पोळ्यापासून कोजागिरीपर्यंत दीड महिना मिळतो, तेवढा पुरतो. पोळ्यापासून गणपती उठेपर्यंत डाव्या पानाची कामं उरका आणि नुसत्या श्वासाची सवय लावा. गणपतीचे दहा दिवस लाउडस्पीकर असणारच, तेव्हा पहाटेशिवाय दुसरी वेळ नाही. पितृपक्षात वही घेऊन बसा. त्या पंधरवड्यात कोणी नवं काम काढत नाही, लग्न नाही, वास्तू नाही, घरातले कोणी घाई करत नाहीत. पूर्ण दिवसाचं मौनही त्यातच धरा. नवरात्रात वही उघडून लाल पेन हातात घ्या आणि तीन-तीन दिवसांची ती कसोटी घ्या. कोजागिरीपर्यंत वाक्य ठरलं नाही तर या हंगामापुरती निम्मीच बाग लावा, उरलेली दोन एकरं एका वर्षापुरती बटाईने देऊन बघा. अर्धा निर्णयही चालतो, त्याने कमीपणा येत नाही.

जागेचं राहिलं. सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवीच्या देवळात किंवा उनपदेवच्या गरम झऱ्यापाशी जाऊन बसावं का, असं विचारलंय. महिन्यातून एकदा गेलात तर छान, मात्र रविवार आणि यात्रेचे दिवस सोडून. रोजची जागा घरातली किंवा वावरातलीच हवी, आणि रोज तीच. मोटरीच्या खोलीत बसू नका, ऑटो स्विचने मोटर अचानक सुरू होते आणि माणूस दचकतो. गोठ्यात या दिवसांत डास. ओट्याचा पूर्वेकडचा कोपरा बघा, भिंतीपासून हातभर पुढे.